कुलूप लागल्याचा निरोप

वरच्या स्थानकातले पोलादी दार दर हिवाळ्यात चौकटीत अडकत असे. मिस्त्री त्याची वरची कड घासून देत असे, आणि मग पुढचा वसंत, उन्हाळा आणि पानगळ ते विनातक्रार उघडझाप करत असे. पुढची कडाक्याची थंडी पडली, की ते पुन्हा अडकत असे. पोलाद थंडीत आकसते.

हे दार रोपवेच्या वरच्या टोकाला, यंत्रखोली आणि हिवाळी खोली यांच्या मधल्या भिंतीत होते. हिवाळ्यात वारा सुटला की ट्रॉली दिवसच्या दिवस बंद ठेवावी लागते. त्यामुळे तुकडीतल्या काही जणांना वर मुक्काम करावा लागतो, आणि हिवाळी खोली त्यासाठीच बांधलेली होती. बांधणाऱ्यांनी खर्चात बचत केली होती. खोलीला तीन भिंती बांधल्या आणि चौथी म्हणून डोंगराचा एक उभा सुळका वापरला. दाराच्या चौकटीचा कडीकडचा खांबही त्यांनी थेट सुळक्यात रोवला, कारण त्यापेक्षा भक्कम आधार आसपास दुसरा नव्हता.

रोपवेच्या माणसांचा एक खास शब्द आहे : कुलूप. उन्हाळ्यात कड्यावरून दगड सुटत राहतात, म्हणून तेव्हा वर हेल्मेटशिवाय कोणी फिरत नाही, आणि एक माणूस दुर्बीण घेऊन सुळक्यावर लक्ष ठेवतो. त्याला दगडपहारा म्हणतात. थंडी स्थिरावून कडा पुरता गोठला, की स्थानकप्रमुख वायरलेसवर खाली कळवतो, "कुलूप लागलं." खालून विचारणा होते, "किल्ली कुणाकडे?" वरून उत्तर जाते, "थंडीकडे." त्यानंतर हेल्मेटे खुंटीवर जातात, दगडपहारा उठतो आणि हिवाळी खोली राहायला उघडते. ही प्रश्नोत्तरे कोणत्याही नियमावलीत नाहीत. परंतु ती झाल्याशिवाय त्या खोलीत आजवर कोणी अंथरूण टाकलेले नाही.

स्थानकप्रमुख म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मी खडकांच्या आतले तापमान मोजते. उंच डोंगरांत खडकाच्या भेगांमध्ये असा बर्फ असतो, जो पिढ्यान्‌पिढ्या वितळलेला नसतो. मोडके तुकडे एकत्र धरून ठेवण्याचे काम तो करतो. तो अजून ते काम करतो आहे की नाही, हे पाहणे हा माझा व्यवसाय. त्या आठवड्यात मात्र मी केवळ पाहुणी म्हणून आले होते. सवयीने उपकरणांची पेटी बरोबर आणली होती, आणि त्यावरून ताईने मला दारातच ऐकवले होते.

त्या सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात कोणीही एका जागी ठरत नव्हते. ताई धुतलेले कप पुन्हा धूत होती. माझी भाची आपल्या बॅगेची चेन उघडत होती, आत बघत होती, लावत होती आणि पुन्हा उघडत होती. लहानपणापासून दिसेल त्या उंच वस्तूवर चढत आल्यामुळे तिला घरी आणि कामावर सगळे खारू म्हणत. वायरलेस आणि नियंत्रणाचे काम शिकून ती तयार झाली होती, आणि या हिवाळ्यात पहिल्यांदाच मुक्कामाच्या तुकडीत तिची नेमणूक झाली होती. भाऊजी उभ्यानेच चहा पीत होते. मी तेवढी बसले होते. पण टेबलाखाली माझा पाय हलत होता, आणि तो थांबवला की बोटे वाजू लागत.

"खाट कुठली मिळाली तुला?" ताईने विचारले.

"भिंतीकडची."

"कुठल्या भिंतीकडची?"

"आई, तिथं तीन भिंती आणि एक डोंगर आहे. डोंगराकडची. गार असते ना, म्हणून नव्या माणसाच्या गळ्यात मारतात."

"ऐकलंत का?" हे भाऊजींना होते. ऐकलेले नाही, असे भाऊजींनी चेहऱ्याने कळवले.

"गेल्या वसंतात त्या खोलीच्या छपरावर दगड सापडले होते म्हणे," मी म्हणाले. "ते कधी पडले?"

"वसंतात. ऊन लागलं, सुटले, पडले. वरून खाली; आमच्याकडे अजून तरी तशीच पद्धत आहे." भाऊजींनी कप ठेवला. "मेव्हणीबाई, तुम्ही दगडाला थर्मामीटर लावता ते ठीक. ताप निघाला तर गोळी कुठल्या तोंडात घालता, तेवढं एकदा सांगून टाका."

खारू हसली, आणि हसता हसता थांबली. "पण बाबा, ते दगड बर्फाच्या खाली होते. छप्पर मोकळं करायला मीच होते ना फावडं घेऊन. आधी बर्फ, मग दगड, मग पत्रा."

"रुतले असतील."

"रुतले असते तर वर भोक दिसलं असतं."

"मग भोक बुजलं असेल. तू फावडं मारायला गेली होतीस की तपासाला?"

भोक बुजणे अशक्य नसते. तरीही वसंतात पडलेला दगड साचलेल्या बर्फाच्या वर सापडायला हवा आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पडलेला खाली, एवढे मांडायला शास्त्र लागत नाही. खारूचे म्हणणे बरोबर असेल, तर ते दगड कुलूप लागल्यानंतर पडले होते.

भाऊजी बूट घालायला बाहेर गेले, तसे ताईने मला सिंकपाशी गाठले. तिच्या हातातून साबणाचे पाणी कोपरापर्यंत ओघळत होते.

"छोटे, खरं सांग. धोका आहे का?"

"माहीत नाही."

"तुझं हे 'माहीत नाही' मी लहानपणापासून ऐकतेय. खिडकीची काच कुणी फोडली? माहीत नाही."

"तेव्हा मला माहीत होतं, ताई. आता खरंच नाही."

"मग वर जा आणि माहीत करून घे. आज हे कुलपाचा निरोप देणार आणि आजच माझी पोर त्या दगडाला पाठ लावून झोपणार. पाहुणचार काय, उद्याही करता येईल."

ट्रॉलीत आमच्याबरोबर एक नवे दार होते. दरवर्षीच्या कटकटीला कंटाळून भाऊजींनी ते मूळ आराखड्याप्रमाणे कारखान्यातून करून घेतले होते. राखाडी रंग लावलेले, कोपऱ्यांना पुठ्ठा बांधलेले. तुकडीच्या पिशव्या त्याला टेकून ठेवल्या होत्या. वारा नव्हता. खाली दरीत ऊन पडले होते आणि कडा इतका करकरीत गोठला होता, की ओल्या दिसणाऱ्या जागाही काचेसारख्या टणक होत्या. भाऊजींनी हातातल्या वायरलेसचे बटण दाबले, सोडले, पुन्हा दाबले आणि सोडले. त्यातून दर वेळी खरखर येत होती.

"देऊन टाका की निरोप, साहेब," खारू म्हणाली. कामावर ती वडिलांना साहेब म्हणत असे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे भाऊजींनाही ठरवता आलेले नव्हते.

"दार बसू दे. नवं दार, मग कुलूप. कसं शोभेल."

मिस्त्री वर वाट पाहत होता. त्याच्या पाटलोणीच्या मागच्या खिशात बाराही महिने एक कानस असे, म्हणून त्याचे नावच कानस पडले होते. माणूस कामाला चोख होता, आणि काहीही अडले तर ते घासल्याने सुटते यावर त्याची श्रद्धा होती. जुने दार त्याने आधीच बिजागऱ्यांतून काढून यंत्रखोलीच्या फरशीवर आडवे ठेवले होते. चौघांनी मिळून नवे दार उचलले, बिजागऱ्यांत बसवले आणि ओढले.

ते लागले नाही. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीच्या माथ्याला अडला. आणि त्याच बाजूला खाली उंबरठ्यापाशी बोट जाईल एवढी फट राहिली.

"घ्या!" कानस म्हणाला. "कारखानेवाल्यांनी वाट लावली. काटकोन कशाशी खातात ते ठाऊक नाही त्यांना. थांबा, वरून थोडं घासून देतो."

"नवंकोरं दार घासणार?" भाऊजी उसळले. त्यांनी वायरलेसवरून कारखान्याला जोडून घेतले आणि आराखडा, माप आणि कारागिरांची अक्कल या तिन्हींविषयी विचारणा केली. पलीकडच्या माणसाने पहिल्या दोहोंची माहिती शांतपणे वाचून दाखवली. भाऊजींनी तिथल्या तिथे नवे दार मोजले. दोन्ही कर्ण सारखे भरले.

"दार बरोबर आहे," ते म्हणाले. या वाक्याने त्यांचा राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

मी तोवर यंत्रखोलीत येरझारा घालत होते. तिथे बसायला एक स्टूल होते आणि मी त्यावरून दोनदा उठले होते. "दोन्ही दारं एकावर एक ठेवून बघू या का?" मी म्हणाले.

बिजागऱ्यांची बाजू जुळवून आम्ही नवे दार काढून जुन्यावर ठेवले. खालची कड जुळली. वरच्या कडेला, बिजागरीपाशी दोन्ही दारे सारखी होती. तिथून कडीकडे जाताना जुने दार नव्याच्या खाली हळूहळू गुडूप होत गेले. कोपऱ्यापाशी नवे दार बोटभर पुढे आलेले होते. कानस गुडघ्यांवर बसला आणि त्या पाचरीवरून त्याने अंगठा फिरवला, जणू कोणी दुसऱ्याने केलेले काम तो तपासत होता.

"एवढं मी काढलं?"

"एका वर्षात नाही," मी म्हणाले. "दर वर्षी किती घासत होतात?"

"किती म्हणजे... नखाएवढं. लागलं दार की थांबायचं. उगीच जास्त कोण घासतं? आणि खालची फट वाढली की तिथं रबर."

"वर घासायचं, खाली कोंबायचं."

"तसंच म्हणा. थंडीत दार अडकतं, मॅडम. माणूस नाही का आखडत?"

"माणूस आखडतो. पोलाद आकसतं. आकसलेलं दार सैल व्हायला हवं."

"मग चौकटीत बर्फ धरत असेल."

"असेल. पण दर हिवाळ्यात तेवढाच बर्फ धरतो, असं धरू या. तर पहिल्या वर्षी घासलंत तेवढ्यानं कायमचं भागलं असतं. पुढच्या हिवाळ्यात तेवढी जागा मोकळीच होती की. आजार तोच असता तर औषध एकदाच पुरलं असतं."

कानसने भाऊजींकडे पाहिले. भाऊजी चौकटीकडे पाहत होते. स्थानकात इतकी वर्षे सगळ्यांनी दाराकडे पाहिले होते, कारण अडकत होते ते दार. ऋतूबरोबर येणारी तक्रार ऋतूबरोबर जाते असे समजून दर वर्षी तिचे निवारण झाले. आणि निवारण इतके नेमके आणि इतके बेताचे होते, की ती दर वर्षी थोडी पुढे सरकते आहे हे कोणाला दिसले नाही. घासलेला चुरा दर वेळी झाडून टाकलेला होता. भाऊजींनी पातळी मोजायची नळी मागितली. चौकटीच्या माथ्यावर ठेवली, तेव्हा तिच्यातला बुडबुडा बिजागरीकडे पळून टोकाला चिकटला. उंबरठ्यावरही तसेच झाले.

"कडीकडचा खांब खचलाय," ते सावकाश म्हणाले.

"खांब सुळक्यात रोवलेला आहे, बाबा," खारू म्हणाली. साहेब म्हणायला ती विसरली होती.

यानंतर आम्ही सगळेच एकदम हालचाल करू लागलो. भाऊजी खिडकीशी गेले आणि परत आले. सुळका खिडकीतून नेहमीसारखा दिसत होता. एवढी मोठी वस्तू नखाएवढी सरकली तर नेहमीसारखीच दिसते. खारूने विचारले, की तो सरकतो तर उन्हाळ्यात का नाही सरकत, दगड तर उन्हाळ्यात सुटतात. प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर सुळक्याच्या आत होते, आणि आत पाहण्यासाठी भोक हवे होते.

भोक होते. रोपवे बांधताना तारा जखडण्याच्या नांगरासाठी खडकात पाडलेले एक खोल छिद्र जागा बदलल्यामुळे वापरलेच गेले नव्हते. यंत्रखोलीच्या कोपऱ्यात, सुळक्याच्या मुळाशी, लोखंडी झाकणाखाली ते तसेच होते. झाकण गोठून बसले होते. कानसने ते हातोड्याने सोडवले, आणि घासावे लागले नाही याचे त्याला वाईट वाटल्यासारखे दिसले. मी पेटीतून तापमापकांची दोरी काढली. तिच्यावर ठरावीक अंतरावर तापमापक ओवलेले असतात. त्यामुळे एकाच वेळी वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान कळते. ती सोडली आणि स्थिर होण्याची वाट पाहत राहिलो.

वाट पाहणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे आणि तो मला कधीच जमलेला नाही. चहा झाला. खारूने कप धुतले, आणि धुतलेले पुन्हा धुवायला घेतले. ते पाहून मला हसू आले, पण सांगण्यासारखी वेळ नव्हती. खालच्या स्थानकातून वायरलेसवर आवाज आला, "साहेब, झालं का कुलूप? पोरं विचारतायत, उरलेलं सामान चढवायचं का?" भाऊजींनी "थांबा" एवढेच सांगितले.

आकडे स्थिरावले. छिद्राच्या तोंडाशी कडक थंडी होती. आत जावे तशी ती कमी होत गेली, आणि बऱ्याच खोलीवर एका तापमापकाने शून्य दाखवले. त्याच्याही खाली पुन्हा गोठण सुरू होत होती. म्हणजे गोठलेल्या दोन थरांच्या मध्ये एक थर असा होता, जो ऐन हिवाळ्यात गोठलेला नव्हता. मी दोरी वर ओढली. तिचा मधला भाग ओला होता. माझ्या हातमोज्यावर तिच्यातून पाणी गळले, आणि आम्ही पाहत असतानाच त्याचा बर्फ झाला.

"नळ कुठला फुटलाय का?" भाऊजींनी विचारले.

"इथून नळ जातो?"

"नाही."

"हिवाळी खोलीचं सांडपाणी?"

"खोली बंद आहे उन्हाळ्यापासून. पाणीच सोडलेलं नाही."

"मशीनची ऊब?" कानसने विचारले.

"ऊब वरून आली असती तर वरचा तापमापक गरम असता. तो सगळ्यांत थंड आहे."

भाऊजींनी हातमोजा काढला, दोरीला बोट लावले आणि बोट पाटलोणीला पुसले. "एक ओली दोरी," ते म्हणाले. "एक वाकडं दार आणि एक ओली दोरी. यावर मी हिवाळ्याची सगळी व्यवस्था मोडायची? खालून माणसं रोज वर आणायची, रोज न्यायची. वारा सुटला की स्थानक ओस. कार्यालय मला विचारेल, सुळका पडणार का? काय सांगू? मेव्हणीबाई म्हणाल्या?"

"पडेलच असं मी म्हणत नाही."

"मग?"

"मला माहीत नाही, भाऊजी. एका छिद्रातलं एकदा घेतलेलं माप आहे. माझ्याच हाताखालच्या कुणी एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं." हे खरे होते, आणि ते बोलताना मला ताईचे साबणाचे हात दिसत होते. "कुलूप लागलं, एवढं मात्र आज म्हणता येणार नाही. तेवढं मला माहीत आहे. बाहेर लागलंय. आत पाणी आहे."

वायरलेस पुन्हा खरखरला. "साहेब, ऐकताय ना? कुलूप कळवा, म्हणजे हेल्मेटं काढतो. डोकी खाजायला लागली."

भाऊजींनी तो तोंडाजवळ नेला. खारू आपली बॅग खांद्याला लावून उभी होती. ती तिने केव्हा उचलली, मी पाहिले नव्हते. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उत्सुकताच होती, आणि भाऊजींनी तिच्याकडे पाहिले तेव्हा त्यांना बहुधा तीच सहन झाली नाही.

"कुलूप नाही," ते म्हणाले.

खालचा आवाज म्हणाला, "परत बोला, साहेब."

"कुलूप लागलेलं नाही. हेल्मेटं डोक्यावर. दगडपहारा चालू. सामान खालीच ठेवा, आम्ही सगळे खाली येतोय. खोली बंद राहील."

"साहेब, सगळं गोठलंय की! मग किल्ली कुणाकडे?"

भाऊजींनी थोडा विचार केला. "ते शोधतोय," असे सांगून त्यांनी बटण सोडले.

त्यानंतरचे आठवडे कोणालाच सुखाचे गेले नाहीत. मी मुक्काम लांबवला. ट्रॉली चालेल त्या दिवशी वर जाऊन दोरी सोडायची आणि न चालेल त्या दिवशी ताईच्या खिडकीतून सुळका पाहायचा, असा माझा क्रम झाला. कड्यावर कोणाला मुक्काम नाही, म्हणून स्थानक वारंवार बंद राहू लागले. तुकडीतली दूर गावची माणसे ताईच्या बैठकीत झोपू लागली. मुलीला वर पाठवू नका म्हणणारी ताई आता घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून भाऊजींशी भांडत होती. आणि भाऊजी दर भांडणाअंती माझ्याकडे असे पाहत, की मला वाटे, सुळक्याने लवकर काय ते ठरवावे. कार्यालयाकडून दोनदा विचारणा झाली. खारू माझ्याशी बोलणे टाळत होती. तिचा पहिला हिवाळी मुक्काम मावशीने हिसकावला होता, आणि तोही एका ओल्या दोरीसाठी.

"मावशी, नाहीच पडला तर?" एकदा तिने विचारलेच.

"तर मी चुकले, आणि मला आनंद होईल."

"मला नाही होणार. वर्षभर मला सगळे 'दगडाला घाबरलेली' म्हणतील."

छिद्रातले माप दर वेळी तेच सांगत होते, फक्त ओल्या थराखालची गोठण किंचित आणखी खाली गेली होती. बाहेर थंडी वाढत होती आणि आतला ओला थर तळाकडे पसरत होता.

सुळका एका दुपारी पडला. आकाश निरभ्र होते, वारा नव्हता, आणि त्या हिवाळ्यातली ती सर्वांत थंड दुपार होती. दुपारच्या फेरीला कोणी वर गेलेले नव्हते. आम्ही जेवत होतो. प्रथम खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मग आवाज आला. ताईने हातातले ताट टेबलावर ठेवण्याऐवजी टेबलाच्या शेजारी ठेवले. कड्यावरून करडी धूळ उठून सावकाश दरीत उतरली. भाऊजी दारात उभे राहून बोटाने माणसे मोजू लागले. बैठकीत, स्वयंपाकघरात, अंगणात. खारूपाशी बोट आल्यावर ते पुढे सरकले नाही, आणि त्यांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मला त्या वेळी समाधान वाटले असे लिहिणे अचूक होणार नाही. मी माझा पाय पाहिला. तो हलत नव्हता.

दोन दिवसांनी, ढासळण थांबल्यावर, आम्ही वर गेलो. यंत्रखोली उभी होती. हिवाळी खोली नव्हती. तिच्या जागी खोलीएवढाले दगड होते आणि त्यांच्यात एका खाटेची चौकट दुमडलेली दिसत होती. ती डोंगराकडची असावी. खारूने ती पाहिली आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. नवे दार कानसने भिंतीला टेकवून ठेवले होते तसेच होते, चारही कोपरे काटकोनात. सुळका सुटला तिथे डोंगरावर ताजा, फिकट उभा व्रण पडला होता. व्रणाच्या काठाला जुन्या बर्फाची पट्टी चिकटलेली होती. मधोमध, त्या गोठवणाऱ्या थंडीत, खडकातून पाणी झिरपत होते, आणि उघड्यावर आल्याबरोबर त्याचे बर्फाचे सुळे बनत होते.

भाऊजी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले. "जुनी माणसं खोटं सांगत होती का?" त्यांनी विचारले. "कुलूप लागतं म्हणून?"

"नाही. त्यांच्या उन्हाळ्यांना ते लागत होतं."

"मग कारण लिहून द्या. कार्यालयाला पाहिजे ते वेगळं द्या, लांबलचक. मला खालच्या स्थानकात फळ्यावर लावायचंय. पोरांना वाचून कळलं पाहिजे. आणि त्यात 'असावे', 'संभवते' नको, मेव्हणीबाई. जेवढं माहीत आहे तेवढंच, पण सरळ."

मी यंत्रखोलीतल्या त्या स्टुलावर बसून ते लिहिले. फळ्यावर ते अजून आहे.

'उन्हाळ्याची उष्णता खडकात फार सावकाश शिरते. ती खोलवर पोचते तेव्हा बाहेर हिवाळा सुरू झालेला असतो. पूर्वी ती सुळक्यामागच्या भेगेपर्यंत पोचण्याआधीच संपत असे. आता उन्हाळे लांबले आणि तापले, म्हणून ती पोचते आणि सुळक्याला धरून ठेवणारा भेगेतला बर्फ वितळवते. त्याच वेळी थंडीने कड्याचा बाहेरचा भाग गोठून बंद होतो, आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. कोंडलेल्या पाण्याने सुळका दर हिवाळ्यात थोडा बाहेर ढकलला आणि तो थोडा खचला. दाराच्या चौकटीचा एक खांब त्याच्यात रोवलेला होता, म्हणून चौकट तिरकी झाली. दारात दोष नव्हता.'